बारा टँकरांचा हिशेब : एका खजिनदार बाईंचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्य रेल्वेवरच्या भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतले आहे. इमारत 1980 च्या दशकातली, दोन विंग, 28 सदनिका. ज्यांच्याभोवती ते घडले त्या बाईंना मी ताई म्हणेन आणि संस्थेच्या सचिवांना काका. इमारतीतही त्यांना तशीच हाक मारतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहून झाल्यावर दोघांनाही वाचून दाखवले. काकांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ती बरोबर होती, म्हणून केली.

ताई 54 वर्षांच्या, विमा कार्यालयात नोकरीला. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा रेल्वेत लागले आणि कुटुंब मुंबईत आले. त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, मध्य मुंबईत आहे, 1813 साली मुंबईत काम सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. मीही त्याच मंडळीचा सभासद. आमच्याकडे रविवारचे अर्पण, म्हणजे उपासनेत जमलेले पैसे, कधी एकट्याने मोजायचे नाही, दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची, हे लहानपणापासून पाहिलेले असते. वर्षाचा जमाखर्च सर्व सभासदांपुढे वाचला जातो. पैशाच्या बाबतीत ताईंचा हात घडला तो इथे.

इमारतीत ख्रिस्ती घर त्यांचे एकच. त्या तीन वर्षे खजिनदार होत्या आणि लोक उघड म्हणत, "ताई आहेत म्हणजे पैशाची काळजी नाही. तुम्ही ख्रिस्ती माणसं हिशेबाला चोख." या कौतुकाचा पुढे संबंध येतो.

आणखी एका गोष्टीचा येतो. दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात ताईंकडे दर गुरुवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थना व्हायची. आठ-दहा माणसे, दोन गीते, बायबलमधले वचन, प्रार्थना, चहा. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाराबाहेरच्या चपलांचा फोटो टाकला आणि सचिव म्हणून काकांनी ताईंना लेखी सूचना दिली, की धार्मिक कार्यक्रमासाठी समितीची परवानगी घ्यावी. इमारतीत पूजा होतात, बारशी होतात, गच्चीवर हळदीकुंकू होते. त्यासाठी असा कागद कोणाला गेलेला नव्हता. ताई काही बोलल्या नाहीत. प्रार्थना दुसऱ्या घरी हलवली. सूचनेचा कागद मात्र कपाटात जपून ठेवला.

अडचण

2024 च्या जूनमध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा साठा खाली गेला आणि पालिकेने 10 टक्के कपात लागू केली. ही इमारत चढावर आहे. तिथे कपात नसतानाही वरच्या टाकीपर्यंत पाणी कष्टाने पोहोचते. टँकर सुरू झाले. दहा हजार लिटरच्या एका टँकरला 2,200 रुपये. टँकरवाला रोख मागायचा, म्हणून काका संस्थेकडून उचल घ्यायचे, ड्रायव्हरला जागेवर पैसे द्यायचे आणि नंतर चलने ताईंकडे जमा करायचे. काका निवृत्त, दिवसभर घरी. हे काम त्यांच्याकडेच असणे सगळ्यांच्या सोयीचे होते.

ऑगस्टमध्ये ताई हिशेब लावायला बसल्या. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभा मागच्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाची असली तरी टँकरसाठी प्रत्येक घराकडून जादा वर्गणी घेतलेली होती, त्यामुळे प्रश्न टँकरवरच येणार हे उघड होते. चलने 41 होती. वॉचमनच्या गेटवरच्या वहीत टँकरच्या नोंदी 29. वॉचमन एखादी नोंद विसरू शकतो, बारा नाही. मग त्यांनी चलने तारखेप्रमाणे न लावता क्रमांकाप्रमाणे लावली. बारा चलनांचे क्रमांक ओळीने एकामागोमाग एक होते आणि त्यांवरच्या तारखा मात्र पाच आठवड्यांत पसरलेल्या. जो टँकरवाला रोज अनेक इमारतींना पाणी घालतो, त्याच्या पुस्तकात असे होत नाही. त्या बारांवर वॉचमनची सही नव्हती, अक्षर काकांचे होते. फरक 26,400 रुपये.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परस्पर ताई पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेल्या. काकांचे नाव घेतले नाही, पद सांगितले नाही, इमारतीतला "एक माणूस" इतकेच म्हणाल्या. पण त्या गेल्या होत्या त्या चोरीसाठी नव्हेच. त्या म्हणाल्या, "साहेब, क्रमांक जुळले तेव्हा मला आनंद झाला. भीती त्याचीच वाटते."

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या वाक्यात आहे. बनावट चलन सापडणे ही हिशेबाची गोष्ट आहे, चोख माणसाला ते सापडतेच. आपल्याला झालेला आनंद कशाचा आहे हे ओळखून तो दुसऱ्याला सांगायला जाणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ख्रिस्ती नम्रतेबद्दल आपण मंडळीत जे बोलतो ते प्रत्यक्षात बहुधा असेच दिसते. ताईंना सभा डोळ्यांसमोर दिसत होती. गेटची वही, चलने, काकांचा चेहरा. कपाटातला तो कागदही त्याच सभेत काढायचा, हेसुद्धा मनात ठरून गेले होते.

समोर असलेले पर्याय

पाळकसाहेबांनी सल्ला देण्याआधी एक भेद करून दिला. ते म्हणाले, "ताई, तुमचा अपमान आणि संस्थेचे पैसे या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली तुमची आहे, ती तुम्ही फाडू शकता. दुसरी 28 घरांची आहे, तिच्यात तुम्हाला काही माफ करता येणार नाही." पुढचे सगळे पर्याय ताईंनी या भेदावर तपासले. तपासताना आमच्या बायबल अभ्यासगटातल्या दोघांना विश्वासात घेतले, त्यातला एक मी. मलाही काकांचे नाव प्रकरण समितीत जाईपर्यंत कळले नव्हते.

गप्प राहणे हा पहिला. पुढच्या वर्षीपासून टँकरचे पैसे बँकेतून द्यायचे, झाले ते झाले. गटातल्या एकाला हेच ख्रिस्ती वागणे वाटले: प्रीती पापांची रास झाकते, बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात तसे आहेच. पण ती रास झाकण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याला असतो. तिसऱ्या मजल्यावरची विधवा बाई पेन्शनमधून जादा वर्गणी भरते. तिच्या वतीने ताई कशा माफ करणार? शिवाय समिती सदस्य म्हणून त्यांनी बंधपत्र भरून दिले होते. गप्प राहणे म्हणजे त्या सहीला खोटे ठरवणे.

दुसरा पर्याय ताईंना फार ओढत होता: 26,400 रुपये स्वतः भरायचे आणि विषय मिटवायचा. बाहेरून पाहता यापेक्षा नम्र काही नाही. मला आधी तो आवडला होता. पाळकसाहेबांनी विचारले, मग चलनांचे काय कराल? उत्तर असे, की बारा खोटी चलने खरी म्हणून दप्तरात राहतील आणि त्यांच्यावर ताईंची सही असेल. त्याग खरा, पण कागद खोटा. आणि काका आयुष्यभर ताईंच्या उपकाराखाली. माणसाला उपकाराखाली ठेवणे हाही त्याच्यावर वर्चस्व मिळवण्याचा एक मार्ग आहे.

सभेत उघड करणे किंवा सरळ सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करणे, हे दोन्ही कायद्याने योग्य मार्ग होते. कायद्याकडे जाणे अख्रिस्ती आहे असे मी मुळीच म्हणत नाही. रक्कम मोठी असती किंवा काकांनी कागद नष्ट करायला सुरुवात केली असती, तर तेच करावे लागले असते. पण आपल्याला दिलेला क्रम स्पष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की भावाने अपराध केला तर आधी तो आणि तू एकांतात असताना दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही तर मंडळीला कळव. तिथला भाऊ मंडळीतला आहे, काका नाहीत, अशी हरकत गटात आली. ताईंनी एवढेच विचारले, "बाहेरच्या माणसाला त्यापेक्षा कमी मान द्यायचा का?"

काय केले

एकांतात जाण्याआधी ताईंनी स्वतःची वही उघडली. भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, हे त्याच मत्तयाच्या सातव्या अध्यायातले वचन त्यांनी शब्दशः घेतले. खजिनदाराकडे किरकोळ खर्चाची रोकड असते. मार्चमध्ये महिनाअखेरीस त्यांनी त्यातले 2,000 रुपये घरच्या किराणासाठी वापरले होते आणि पगार झाल्यावर परत ठेवले होते. कोणाला कळले नव्हते, कोणाचे काही गेले नव्हते. त्यांनी ते लिहून काढले. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याचे घेतलेले परत करताना पाचवा हिस्सा जादा घालायला सांगितला आहे. त्याप्रमाणे 400 रुपये संस्थेच्या खात्यात भरून पावती फाडली.

गटात यावर बराच वाद झाला. एकाला हे अति वाटले. त्याची भीती व्यवहारी होती: काका हेच उलटवतील, "तुम्ही पण घेतलेत" म्हणतील. भीती खरी ठरली. तरीही मला वाटते हे पाऊल टाळले असते तर पुढची भेट झाली नसती, कारण ताई न्यायाधीश म्हणून गेल्या असत्या आणि काकांनी दार लावून घेतले असते.

एका रविवारी दुपारी, उपासनेहून आल्यावर, त्या काकांकडे गेल्या. काकू माहेरी गेल्या होत्या, ती वेळ मुद्दाम निवडली. चलने आणि गेटच्या वहीचा फोटो नेला, सूचनेचा जुना कागद नेला नाही. आधी स्वतःच्या 2,000 रुपयांचे सांगितले. मग बारा चलने टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "काका, ही मला जुळत नाहीत. तुम्ही सांगाल ते आधी ऐकते."

काका प्रथम चिडले. तुम्ही स्वतः पैसे वापरता आणि मला विचारता, हे झाले. वॉचमन दारू पितो, त्याच्या वहीवर काय विश्वास, हेही झाले. ताईंनी वाद घातला नाही आणि मागेही हटल्या नाहीत. क्रमांकांकडे बोट दाखवले. बऱ्याच वेळाने काका बोलायला लागले. मे महिन्यात पंप जळाला होता. वाइंडिंग आणि प्लंबर मिळून 15,000 रुपये रोख गेले. प्लंबरने पावती दिली नाही. समितीतल्या एका सदस्याने आधीच्या दुरुस्तीवरून काकांना सर्वांसमोर टोचले होते, म्हणून पुन्हा बिनपावतीचा खर्च मांडायची त्यांना लाज वाटली. टँकरवाल्याकडून कोरी चलने मिळाली आणि त्यात तो खर्च बसवला. बसवता बसवता लक्षात आले की आणखीही बसते. मुलाची नोकरी गेली होती, नातवाची फी भरायची होती. वरचे 11,400 रुपये घरात खर्च झाले.

हा निर्णयाचा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा होता असे मी मानतो. सभेत विषय काढला असता तर काका 26,400 रुपयांचे चोर ठरले असते, आणि तेही खोटेच ठरले असते. सत्य एकांतात गेल्यामुळेच बाहेर आले.

काका म्हणाले, "मी सगळे भरतो. कुठे लिहू नका." ताईंना रडू आले. तरी त्यांनी नकार दिला. "काका, माझ्यापुरते मी काही मनात ठेवणार नाही. पण वहीत लिहावे लागेल. तुम्हीच समितीला सांगा, मी शेजारी बसते."

प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी पोहोचवताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला होता. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने कारणही दिले आहे: कोणाला दोष लावायला जागा राहू नये, प्रभूसमोर जे योग्य ते माणसांसमोरही योग्य दिसावे. दुसऱ्यांचा पैसा हाताळणाऱ्याने आपले मन शुद्ध आहे यावर भागवू नये, हिशेब दिसला पाहिजे. ताईंच्या नकारामागे हे होते.

आठवड्याभरात त्या संस्थेच्या अध्यक्षांना बरोबर घेऊन पुन्हा काकांकडे गेल्या. प्लंबरला बोलावले, त्याने पंपाचे काम आणि रक्कम मान्य करून व्हाउचरवर सही केली. समितीच्या बैठकीत काका स्वतः बोलले. त्याआधी ताईंनी किरकोळ रोकडीचा विषय मांडला आणि तो इतिवृत्तात घ्यायला लावला. ठराव असा झाला: बारा चलने रद्द; 15,000 रुपये पंपदुरुस्ती म्हणून नोंद; 11,400 रुपये काकांनी सहा हप्त्यांत बँकेतून भरावेत; हिशेब तपासनिसांना सर्व कागद द्यावेत. दंड लावावा का, यावर चर्चा झाली. ताईंनी जास्तीची मागणी केली नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करतो म्हटले ते त्याच्या तोंडून आले होते, कोणी त्याच्याकडून काढून घेतले नव्हते. काकांनी सचिवपद सोडले.

निष्पत्ती

सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी चार वाक्यांत निवेदन केले: टँकर खर्चात 26,400 रुपयांची चूक नोंद सापडली, त्यातला इतका दुरुस्तीचा, इतका वसूल होत आहे, संबंधित सदस्याने स्वतः समितीला माहिती दिली. नाव विचारले गेले आणि काका उठून उभे राहिले. हे ठरलेले नव्हते.

सगळे गोड झाले असे नाही. एका सभासदाने ताईंवर काकांना वाचवल्याचा आरोप केला. पोलिसांत द्यायला हवे होते, असे त्यांचे आजही म्हणणे आहे. दुसऱ्याने ग्रुपवर लिहिले, की खजिनदारही पेटीतले पैसे वापरतात. "ख्रिस्ती माणसं चोख" हे वाक्य इमारतीत नंतर फारसे ऐकू आले नाही. ताईंना त्याचे वाईट वाटले, आणि मग त्या कौतुकावर आपण किती टेकून होतो हेही दिसले. काकूंनी बोलणे टाकले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली ती ताईंमुळे, असे त्यांना वाटते.

काकांनी सहाच्या सहा हप्ते वेळेवर भरले. शेवटच्या हप्त्यासोबत ते दोन वर्षांपूर्वीच्या सूचनेबद्दल बोलले: फोटो टाकणाऱ्याच्या दबावाखाली लिहिली, इतरांना लिहिली नव्हती, चुकलेच. ताईंनी हा विषय स्वतःहून कधी काढला नव्हता. गुरुवारची प्रार्थना पुन्हा त्यांच्या घरी होऊ लागली आहे. टँकरचे पैसे आता रोख दिले जात नाहीत. चलनावर वॉचमन आणि एका रहिवाशाची सही लागते आणि गेटच्या वहीशी दर आठवड्याला मेळ घातला जातो.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट काकूंची. ताईंनी त्या नसतानाची वेळ निवडली ती काकांची अब्रू राखण्यासाठी, आणि पहिल्या भेटीपुरते ते बरोबर होते. पण प्रकरण समितीत जाण्याआधी काकांनी घरी सांगावे, हवे तर आपण सोबत येऊ, असे ताईंनी सुचवायला हवे होते. काकूंना ते जिन्यात तिसऱ्याच बाईकडून कळले. ज्याचा अपराध त्याच्या मानाचा इतका विचार झाला. ज्या बाईचा काही अपराध नव्हता ती त्या विचारातून निसटली.

दुसरी, रोख उचलीची पद्धत. एकाच माणसाच्या हातात पैसे, चलन आणि नोंद असणे धोक्याचे आहे हे ताईंना मंडळीच्या शिस्तीतून ठाऊक होते. रविवारचे अर्पण दोघांनी मोजायचे आणि सोसायटीची उचल एकाने वापरायची, यातली विसंगती आधी मांडता आली असती. ज्येष्ठ माणसाला नियम सुचवणे उद्धटपणा वाटेल म्हणून त्या राहिल्या. या संकोचाला आपण नम्रता म्हणतो, पण त्याने काकांना मोहाशी एकटे सोडले.

तिसरी गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तिच्याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. समितीने ताईंना सचिव व्हा म्हटले. त्यांनी नाही म्हटले. काकांना बाजूला करून खुर्ची घेतली असे दिसेल, आणि आपल्या मनातल्या त्या पहिल्या आनंदाला खतपाणी मिळेल, ही त्यांची कारणे. पाळकसाहेबांना ती पटतात. मला पटत नाहीत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा आपण प्रभू आणि गुरू आहोत हे नाकारले नाही. तसे स्पष्ट म्हणून मग टॉवेल कमरेला बांधण्याचा अर्थ सांगितला. सचिवपद आज एका अशा सदस्याकडे आहे ज्याला वेळ नाही, आणि गळक्या गच्चीचे काम पावसाळा संपला तरी निविदेपर्यंत गेलेले नाही. ताईंना हे मी तोंडावर सांगितले आहे. समितीची मुदत संपत आली आहे. त्यांनी या वेळी विचार करते एवढे म्हटले, आणि आधी काकांना विचारीन, असे सांगितले.